चीक पिळून टाकू नकोस गं

अगं, तू लिहिलंयस की बाळ दोन दिवसांचं झालं तरी दूध उतरलं नाही, सासूबाई म्हणतात पिवळं पिळून टाक नि मध चाटव, शेजारच्या काकू म्हणतात गुळाचं पाणी दे. ते पिवळं चिकट येतंय ना, तोच चीक, तेच दूध. चमचा-दोन चमचेच येतो म्हणून वाटतं काही येतच नाही, पण पहिले दोन-तीन दिवस बाळाला पुरतो तेवढा आणि त्यात आजारांशी लढणाऱ्या अँटीबॉडीज ठासून असतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटी पुसून खातो आणि लेकराचा चीक मोरीत ओततो! माझ्या थोरल्याच्या वेळी मीही ओतला, अजून हळहळ वाटते.

मी मुंबईत २२ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, सगळ्या तऱ्हा पाहिल्या. गुजराती घरांत गळथूथी म्हणून बाळाला पहिलं गोड चाटवतात, मुस्लिम घरांत खजूर चावून तोंडातल्या टाळूला लावतात, युपीकडच्या काही घरांत नणंद येऊन छाती धुते, तिला नेग म्हणजे मानाची भेट मिळते, मगच बाळाला पदराखाली घेतात. आता नणंद गावाहून निघालेली, ती संध्याकाळी पोचणार, तोवर बाळ उपाशी, आणि खरं तर जन्मल्यावर तासाभरात पाजायला हवं. मी भांडायचे नाही, म्हणायचे आधी पाजू द्या, ताई आल्या की छाती धुणं, नेग सगळं करा, आणि बहुतेक आज्या ऐकायच्या. मुस्लिम आज्या तर स्वतःच सुनेला सांगायच्या की कुराणात पूर्ण दोन वर्षं पाजायला सांगितलंय, घाई करून तोडू नको.

मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं अंग लुळं पडण्याचा आजार, होऊ शकतो, क्वचित होतो पण जिवावर बेतू शकतो. गुळाचं पाणी, गुटी, साधं पाणीसुद्धा सहा महिने नको, त्यानं पोट भरलं की बाळ ओढत नाही आणि ओढलं नाही तर पान्हा कसा फुटणार? दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा घे, झोपलं असलं तरी उठवून घे. पाचव्या दिवसापासून सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. बाळ सुस्त वाटलं, शू कमी झाली किंवा अंग पिवळं दिसलं तर वाट बघू नकोस, लगेच दवाखान्यात ने.

आणि सासूबाईंना तोडून बोलू नकोस, त्यांच्याकडून अळिवाची खीर मागून घे, बाजरीची भाकरी, डिंकाचा लाडू, सगळं खा. त्यानंच दूध येतं असं नाही, पण बाळंतपणात गेलेलं रक्त भरायला लोह लागतं आणि अळिवात ते चांगलं असतं. त्यांनाही काहीतरी करायचंच आहे गं, बाळाच्या तोंडात नको, तुझ्या ताटात वाढू देत.