उंदीर बरे झाले, मग वडिलांना केमो कशाला?

मोबाईलवरचा व्हिडिओ मधेच थांबवून त्याने माझ्यासमोर धरला. "उंदरांच्या गाठी विरघळल्या, मॅडम. मग वडिलांना केमो कशाला?" दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार. वडिलांना जठराचा कॅन्सर, केमोची तारीख ठरलेली. व्हिडिओखाली एजंटाचा नंबर होता: रक्तातल्या पेशी काढून, 'चार्ज' करून परत सोडतो, पैसे आगाऊ. केमो पुढे ढकलून बागेवर कर्ज काढायचं घरात जवळपास ठरलंच होतं.

नाशिकमध्ये हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. 'थापा आहेत' म्हणून मी तो उडवून लावत नाही, कारण प्रयोग खरे आहेत. 1980 च्या दशकात अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-2 मध्ये (प्रतिकारपेशींना जागं करणारं प्रथिन) चेतवून, इंटरल्युकिनच्या जोडीने उंदरांना दिल्या, आणि फुप्फुसात पसरलेल्या गाठी कमी झाल्या.

"पण दादा, त्या उंदरांना कॅन्सर झाला कसा?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. कॅन्सरच्या पेशी शास्त्रज्ञांनीच टोचलेल्या असतात, आणि थोड्याच दिवसांत उपचार सुरू होतो. उंदीरही एकाच कलमाच्या बागेसारखे, जनुकांनी जवळजवळ सारखे. वडिलांची गाठ मात्र कधीपासून शरीराचा पहारा चुकवत वाढतेय, कोण सांगणार?

हाच उपचार माणसांवर केल्याचे निकाल 1985 साली आले तेव्हा 25 पैकी 11 रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, पूर्ण नाहीशी एकाचीच झाली. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब उतरायचा. पुढे तुलना केली तेव्हा नुसत्या इंटरल्युकिनपेक्षा पेशींचा वेगळा फायदा ठोसपणे दिसला नाही. भारतात 2023 मध्ये मंजूर झालेली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली कार-टी थेरपी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जनुकीय बदल करून त्या परत देणं) रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, जठराच्या नव्हे.

फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानेच प्रश्न लिहिले. एजंटाला: हा उपचार जठराच्या कॅन्सरसाठी मंजूर आहे का? चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे कशाचे? डॉक्टरांना: बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल1 आणि एमएसआय (इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं, लागू पडतील का याचा अंदाज देणाऱ्या खुणा) तपासलंय का? (जठराच्या काही रुग्णांना केमोसोबत इम्युनोथेरपीची औषधं देता येतात. हे विचारायचंच राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.)

वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आत बोलावलं, तर ते म्हणाले, "पोरा, जमिनीला हात लावू नको. ऑक्टोबरच्या छाटणीला मला उभं राहता येईल का, तेवढं डॉक्टरांना विचार."

एजंट म्हणाला, नोंदणी क्रमांक पैसे भरल्यावर देऊ. केमो ठरल्या तारखेलाच सुरू झाली.