ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने आजच्या काळातलं युद्ध न्याय्य असू शकतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दुसरा गाल पुढे करा म्हणणाऱ्या येशूचे अनुयायी युद्धाला न्याय्य कसं काय म्हणतात, आणि ख्रिस्ती मुलाने फौजेत जावं का. मी जालन्याचा, प्रोटेस्टंट मंडळीतला. पाळक नाही, त्यामुळे हे चर्चचं अधिकृत मत धरू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. युद्धाला उतरण्याचं कारण न्याय्य असू शकतं. पण अख्खं युद्ध न्याय्य होतं, असं प्रमाणपत्र आजच्या काळातल्या कुठल्याही मोठ्या युद्धाला द्यायला माझी जीभ रेटत नाही.

सुरुवातीच्या शतकांतले तर्तुलियनसारखे ख्रिस्ती लेखक साफ म्हणायचे की येशूला पकडायला आले तेव्हा गेथशेमानी बागेत आपला शिष्य पेत्र याला तलवार म्यान करायला लावून प्रभूने प्रत्येक शिपायाचीच तलवार काढून घेतली. पुढे रोमचा बादशहाच ख्रिस्ती झाला आणि राज्य राखायची जबाबदारी अंगावर आली. मग ऑगस्टीन या धर्मपंडिताने, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या दुसऱ्या धर्मपंडिताने, मोजमाप ठरवलं. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यकर्त्यालाच, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. बाकीचे उपाय संपलेले असावेत, होणारं नुकसान टाळलेल्या अन्यायापेक्षा मोठं नसावं, निःशस्त्रांवर हात टाकू नये, या अटीही या परंपरेत पक्क्या झाल्या. मेनोनाइट आणि क्वेकर या युद्धच नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथांनी हे काहीच मानलं नाही, आजही मानत नाहीत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण दारात रझाकार उभा असलेल्या गावाला त्यांनी काय सांगितलं असतं, हे मला उमगत नाही.

रझाकारांचं नाव उगीच काढलं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला या प्रश्नासाठी युरोपात जायची गरजच नाही. हैदराबादचा निजाम भारतात यायला तयार नव्हता आणि लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावंच्या गावं नाडली होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार झाला, वाटाघाटी झाल्या, काही निघालं नाही. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आपण ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो, पण रणगाडे होते, विमानं होती. ते युद्धच होतं. अक्वायनसच्या तिन्ही कसोट्या लावा, माझ्या मते ते उतरतं. मुक्तिदिनाला झेंडावंदनाला मी मनापासून उभा राहतो.

पण नंतर काय झालं? नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने अंदाज दिला की त्या कारवाईत आणि तिच्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. मरणारे बहुतांश मुसलमान. सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत समितीने उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली. तो अहवाल कितीतरी दशकं दडूनच राहिला. आता सांगा, ही माणसं कुठल्या हिशेबात धरायची? रझाकारांनी आधी केलेले अत्याचार खरे होते, म्हणून नंतर मेलेला विणकर किंवा शेतमजूर दोषी ठरत नाही. कारण न्याय्य असलं की मागचं सगळं धुतलं जातं, ही समजूत ख्रिस्ती विचारात बसत नाही. युद्धाला उतरणं, युद्ध लढणं आणि युद्धानंतरचा न्याय, तिघांचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो.

हे बोलून दाखवायला छाती लागते. इंग्लंडमधल्या चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल हे हिटलरचे कट्टर विरोधक. जर्मनीत नाझींना विरोध करणाऱ्या पाळकांच्या पाठीशी ते उभे राहिले. त्याच बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ ला, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश लॉर्ड्स सभागृहात उभं राहून आपल्याच सरकारला विचारलं की जर्मन शहरं सरसकट जाळण्याचं समर्थन कसं करता. घरचेच लोक चिडले. न्याय्य युद्धाचा सिद्धांत खरा कामाचा ठरतो तो इथे, आपल्या बाजूला लगाम घालताना. शत्रूला नावं ठेवायला सिद्धांत कशाला हवा?

अणुबॉम्ब आल्यावर चर्चचा सूरही बदलला. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने अख्खी शहरं बेचिराख करणाऱ्या युद्धकृतीला देवाविरुद्धचा आणि माणसाविरुद्धचा गुन्हा म्हटलं. कॅथलिक धर्मशिक्षण बचावाच्या युद्धाला अजूनही वाव ठेवतं, पण आधुनिक शस्त्रांची संहारशक्ती त्या तराजूत फार जड धरायला सांगतं. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये लिहिलं की जुन्या निकषांवर आज ‘न्याय्य युद्ध’ म्हणणं फार अवघड झालंय. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, बिशपांनी तर १९३० मध्येच म्हटलं होतं की राष्ट्रांमधले तंटे युद्धाने सोडवणं येशूच्या शिकवणीशी जुळत नाही.

मग सगळंच बाद का? कारगिल बघा. १९९९ मध्ये घुसखोरी समोरून झाली, लढाई उजाड शिखरांवर झाली, आणि आपल्या विमानांना ताबारेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. आपले जास्त जवान गेले तरी चालेल, पण युद्ध पसरू द्यायचं नाही, हा संयम त्या कसोट्यांच्या बराच जवळ जातो. अण्वस्त्रं असलेल्या दोन देशांत पुढच्या वेळी तसंच होईल, याची खात्री मला नाही.

आता फौजेचं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा असं सांगितलं नाही. कुणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना म्हणाला (लूक ३:१४). तेव्हा जायला हरकत नाही. फक्त निःशस्त्र माणसावर गोळी चालवायचा हुकूम आला तर नाही म्हणायची तयारी ठेवून जावं, आणि त्या ‘नाही’ची किंमत मोजावी लागेल हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवावं.