बापाचं रक्त आहे, मग पोरगाही तसाच निघेल का?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ही भीती मात्र समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत आहे.

दक्षिण नागपुरातल्या एक आजी १३ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. त्यानं शेजाऱ्याचा मोबाइल उचलला होता. "याचा बाप जेलात. आता हाही त्याच रस्त्यानं चालला. रक्तातच असते का जी हे?"

आजींचा धसका अगदीच निराधार नव्हता. लंडनमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या अभ्यासात ४११ मुलांचा लहानपणापासून मागोवा घेतला गेला. गरिबी, मारझोड, पोरावर लक्ष नसणं आणि आईवडिलांना झालेली शिक्षा यांमुळे पुढे गुन्ह्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. पण बाप आत गेल्यावर घरात काय होतं, तेही बघा ना! पैसा आटतो, आई दिवसभर कामाला जाते, दुपारी पोराला विचारणारं कुणी नसतं आणि मोहल्ल्यात तो 'चोराचा पोरगा' होतो. यातलं बरंच बदलता येतं.

पोरगा बरेच दिवस गप्पच होता. मग एकदा म्हणाला, "मी खोलीत आलो की आजी कमरेची किल्ली चाचपते." आजींना याची कल्पनाच नव्हती. त्या रडायला लागल्या.

'बापावर गेला' हे वाक्य घरात बंद केलं. मुलावर शिक्का मारणारे शब्द वापरू नयेत, हे तत्त्व २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही आहे. त्यानं मोबाइल स्वतः नेऊन दिला, माफी मागितली. मार नाही, पण सूटही नाही. किराण्याचे पैसे त्याच्या हाती दिले, हिशोबही त्यानंच द्यायचा. शाळा सुटली की मामांच्या गॅरेजवर बसून अभ्यास, मग मैदानावर फुटबॉल.

"उशीर तर नाही न झाला?" आजी विचारायच्या. बॉस्टन भागातल्या सुधारगृहांतल्या ५०० मुलांचं आयुष्य संशोधकांनी पार सत्तरीपर्यंत तपासलं. जवळपास सगळ्यांचेच गुन्हे वयाबरोबर ओसरले. कायमचं काम आणि सुखाचा संसार मिळाला, त्यांचे लवकर. मग तेराव्या वर्षी उशीर कसला?

तो अजून मारामाऱ्या करतो. मध्यंतरी शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा मामा गेले आणि त्याच्या शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं. चोरीची तक्रार पुन्हा आलेली नाही. आता त्याला वडिलांना भेटायचंय. त्यांना काय विचारायचं, यावर सध्या आम्ही बोलतोय.