मालवणला जा, पण त्याआधी पॉलिसी परत करून या

कोजागरीच्या दिवशी सोलापूरहून एका वाचकांचं पत्र आलं. वय ४१, सुताच्या पेढीवर हिशेबनीस, हातात पगार ३८,०००. घरात आई-वडील, बायको, दोन मुलं आणि एक आत्या. वडील ६८ वर्षांचे. तीस वर्षं सूतगिरणीत उभ्याने काम केलं, पेन्शन नावापुरतं. त्यांनी समुद्र अजून कॅलेंडरवरच पाहिलाय, म्हणून दिवाळीनंतर सगळ्यांना घेऊन पाच दिवस मालवण-तारकर्लीला जायचं ठरलंय. प्रश्न एवढाच, की त्यासाठी सव्वासहा लाखांची सेकंडहँड सात सीटर कर्जावर घ्यावी की भाड्याची गाडी करावी?

पत्राच्या शेवटी मात्र ते लिहितात: "खर्चाची काळजी नाही. वडिलांची १२ लाखांची एफडी सप्टेंबरमध्ये सुटली, ती बँकेतल्या साहेबांनी चांगल्या स्कीममध्ये लावून दिली. पुढच्या वर्षीपासून बोनस सुरू होईल, दरवर्षीची ट्रिप त्यातूनच निघेल. तोवर वडिलांच्या औषधांचे पाच हजार मी पगारातून देतो." सोबत स्कीमच्या कागदांचे फोटो होते.

ते फोटो पाहून मी त्यांना त्याच रात्री फोन केला. हे कागद ज्या पाकिटात आले ते कधी आलं, हे विचारलं. घटस्थापनेला आलं आणि तेव्हापासून टीव्हीशेजारी पडून आहे, असं कळलं. त्या रात्री जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो, कारण असं पाकीट आणखी किती घरांत पडून असेल कोण जाणे.

दादा, तुम्ही जिला स्कीम म्हणताय ती जीवनविम्याची पॉलिसी आहे आणि ती तुमच्या नावावर आहे, वडिलांच्या नाही. पहिल्याच पानावर छापलंय: वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते ५, मुदत १० वर्षं. एकदाच पैसे भरायचेत असं तुम्हाला सांगितलं होतं. ३ लाख गेले, उरलेले ९ लाख "पुढच्या हप्त्यांसाठी" बचत खात्यात ठेवायला लावले. १२ लाखांत ३ लाखांचे हप्ते चारच बसतात. पाचवा कुठून आणणार? ३८ हजारांच्या पगारातून?

आता मिळणार काय ते बघा. १५ लाख भरून दहा वर्षांनी २३ लाख, असं साहेबांनी बोट ठेवून दाखवलं. ते बोट ८ टक्के गृहीत धरलेल्या रकान्यावर होतं. शेजारीच ४ टक्क्यांचा रकाना आहे, त्यात साडेसोळा लाख छापलेत. दोन्ही आकडे नुसते उदाहरणादाखल असतात, आणि ते टक्के कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले असतात, तुमच्या हप्त्यावर नाही. तुमचे पैसे सरासरी आठ वर्षं अडकतात. त्या हिशेबाने २३ लाख म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच टक्के आणि साडेसोळा म्हणजे सव्वा टक्का. हे पैसे हातात येतील तेव्हा वडील ७८ वर्षांचे असतील.

बोनसचंही तसंच. तुमच्या कागदावर तो "जाहीर झाल्यास" असा आहे, आणि तो पॉलिसीत जमा होत राहतो. पुढच्या दिवाळीत एक रुपयाही हाती येणार नाही. ज्या माणसाने त्यावर दरवर्षीची ट्रिप काढून दाखवली, त्याने हे कागद वाचलेले आहेत. म्हणूनच मला जास्त राग येतो.

आणखी एक फोटो नीट बघा, प्रस्ताव अर्जाचा. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलंय. तुमचा पगार वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास. हा आकडा तुम्ही सांगितला नव्हता, कोऱ्या अर्जावर सही केली होती. कंपनीतून पडताळणीचा फोन येईल तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" हेही तुम्हाला आधीच पढवलं होतं.

औषधांच्या पाच हजारांचा उलगडा इथेच होतो. एफडी ७ टक्क्यांवर वर्षाला ८४ हजार देत होती, म्हणजे महिन्याला सात हजार. आता बचत खात्यातले ९ लाख अडीच टक्क्यांनी वर्षाला साडेबावीस हजार देतात. वडिलांचं उत्पन्न चौथ्या हिश्श्यावर आलं आणि भर तुमच्या पगारावर पडली. आधीचे सात हजार कुठे गेले, हे घरात कोणी विचारलं नाही.

सुदैवाने वेळ आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देताही परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. घटस्थापनेपासून ३० दिवस म्हणजे मुदत नेमकी दिवाळीच्या पाडव्याच्या आसपास संपते, तेव्हा कचेऱ्या बंद असतात. शिवाय हेच कागद ईमेलवर आधी आले असतील तर कंपनी दिवस तिथून मोजेल. म्हणून वसुबारसेचीही वाट बघू नका, उद्याच जा.

जायचं ते विमा कंपनीच्या शाखेत, बँकेतल्या साहेबांकडे नाही. साध्या कागदावर अर्ज, पॉलिसी नंबर, मूळ कागद, रद्द केलेला चेक. अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोच अर्ज कंपनीला ईमेल करा आणि हप्ता खात्यातून आपोआप कापायची मंजुरी बँकेत लिहून रद्द करा. साहेबांचा फोन येईल. "दिवाळी होऊ द्या, मी बदलून देतो," असं म्हणतील. ते दिवस सरायची वाट बघतात हे ध्यानात ठेवा. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे, त्यावर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फी नाही.

पैसे आले की १० लाख वडिलांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, आईचं नाव जोडून. पोस्टात होतं. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, म्हणजे दर तीन महिन्यांनी २०,५०० वडिलांच्या खात्यात. २ लाख साध्या एफडीत, दवाखान्यासाठी. "पण ३० लाखांचं विमा संरक्षण होतं" असं तुम्ही फोनवर म्हणालात. ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो, तो घ्या. घरातली सहा माणसं तुमच्यावर आहेत.

आता गाडी. विकत घेऊ नका. ५ लाखांचं कर्ज, जुन्या गाडीला व्याज १२ टक्क्यांच्या घरात, पाच वर्षं महिन्याला ११,१०० हप्ता. विमा-सर्व्हिसिंग धरून १४ हजार, तेही ३८ मधून, वर्षातल्या पाच दिवसांसाठी. भाड्याच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात. तुमचं प्रत्यक्ष फिरणं हजार किलोमीटरचं असलं तरी बिल पंधराशेचं येणार. १५ रुपयांनी साडेबावीस हजार, ड्रायव्हरचा भत्ता, टोल मिळून २६ हजार. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी ९ रुपयांनी मिळतेय, ती नको. खासगी गाडी भाड्याने चालवताना घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

घरगुती निवासात दोन खोल्या चार रात्री २० हजार, जेवण १४, होडी वगैरे ५. एकूण ६५ हजार. तुमचा दिवाळी बोनस ३० हजार आणि भिशीचे ४० हजार येतायत, म्हणजे कर्जाची गरजच नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घेतलीत तर जाताना-येतानाचं एकेक जेवणही वाचेल. पहाटे चारला निघा. सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी करत फोंडा घाट उजेडात उतरायचा आणि कणकवलीहून मालवण. साधारण ४०० किलोमीटर होतं.

सिंधुदुर्गला जाणारी होडी मालवणच्या धक्क्यावरून सुटते. किल्ला बघायला सकाळी लवकर जा, ऊन चढलं की वडिलांना तटावर चालणं जड जाईल. होडीत चढता-उतरताना त्यांचा हात धरा. आणि उद्या संध्याकाळी त्या पोचपावतीचा फोटो मला पाठवा, मी वाट बघतोय.