प्रश्न तुमचे: छोटा पिकअप, दोन स्लेड आणि बर्फाचा रस्ता

प्रश्न : ताई, आम्ही मिशिगनमध्ये कॅन्टनला राहतो. माझ्याकडे २०२३ची फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड आहे, तिला हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा सांधा, बसवून घेतलंय. मेहुण्याच्या दोन स्नोमोबाइल उघड्या ॲल्युमिनियम ट्रेलरवर घालून फेब्रुवारीत म्युनिसिंगला न्यायच्या आहेत. मेहुणा म्हणतो, गाडी २,००० पौंड ओढते, मग चिंता कसली? बायको म्हणते, बर्फात हे धाडस नको. काय करू?
— एक वाचक, कॅन्टन

उत्तर : नेता येईल, पण वजन केल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

मेहुण्यांचा आकडा बरोबर आहे. फक्त त्या २,००० पौंडांत ट्रेलरही आला आणि त्यावरची प्रत्येक वस्तूही आली. आजकालची स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, पेट्रोल भरून साडेपाचशे-सहाशे पौंडांना जाते. दोन स्लेडचे अकराशे-बाराशे, ट्रेलरचे साडेचारशे-पाचशे, त्यात स्पेअर चाक आणि समोरचा मिठाचा चिखल अडवणारी ढाल. सतराशे-अठराशे सहज झाले. ट्रेलरवर रात्रभर बर्फ साचून गोठला असेल तर तोही आधी फावड्याने काढा, त्याचंही वजन असतं. पेट्रोलचे कॅन आणि हेल्मेटच्या बॅगा पिकअपच्या हौद्यात ठेवा, शक्य तितक्या पुढे, केबिनला लागून.

मला तुमच्या गाडीची खरी काळजी वेगळीच आहे. २०२२ ते २०२४च्या मॅव्हरिक हायब्रिडला ताकद फक्त पुढच्या चाकांवर मिळते. ट्रेलरचा भार पडतो तो बॉलवर, म्हणजे हिचवरच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात त्यावर, मागच्या ॲक्सलच्याही मागे. बागेतल्या सी-सॉसारखं मागचं टोक दबतं आणि पुढचं उचलतं. पुढची चाकं हलकी झाली की बर्फावर निघताना ती जागच्या जागी फिरतात, आणि वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच सरकते. बरं, म्हणून बॉलवरचा भार अगदी कमी ठेवावा, तर हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झोले घ्यायला लागतो. निसरड्या रस्त्यावर ते त्याहून वाईट. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. १,७५० पौंडांच्या ट्रेलरला तो १७५ ते २६० येतो. पण तुमच्या हिचवरच्या लेबलवर बॉलची वेगळी मर्यादा छापलेली असेल, २,००० पौंडांच्या हिचला ती बहुधा २०० असते. म्हणजे तुम्हाला खेळायला जागा थोडीच आहे, १७५ ते २००.

हे अंदाजाने जमत नाही, मोजावंच लागतं. मी मार्क्वेटला राहते. आमच्याकडे सीझनच्या सुरुवातीला बाथरूममधला वजनकाटा गॅरेजमध्ये येतो तो याचसाठी. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच स्लेड चढवा आणि पट्ट्यांनी आवळा. सुट्या ट्रेलरवर मागून स्लेड चढवली तर त्याचं तोंड झपकन वर उडतं. मग ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, जॅकने तोंड उचला, गाडी पुढे घ्या. काट्यावर लाकडाचा जाड ठोकळा उभा ठेवून त्यावर कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड, टेकवा. उंची बॉलएवढीच हवी आणि ट्रेलर समतल हवा. काट्यावर १४० दिसलं तर दोन्ही स्लेड चार-सहा इंच पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. मनासारखा आकडा आला की स्लेडच्या पुढच्या स्की जिथे आल्या तिथे ट्रेलरच्या फळीवर रंगीत टेपची खूण करा. परतीच्या प्रवासात, अंधारात आणि थंडीत, ती खूण फार उपयोगी पडते.

जोडतानाची एक गोष्ट थंडीतच घडते. कपलरच्या वाटीत बर्फ गोठलेला असतो, खटका बंद झाल्यासारखा दिसतो, पण बॉल पूर्ण आत बसलेला नसतो. म्हणून वाटी खरवडून साफ करा, जोडल्यावर खटक्यात पिन घाला आणि जॅकने तोंड थोडं वर उचलून बघा. गाडीचं मागचं अंगही त्याच्यासोबत वर आलं तर जोड पक्का. ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींवर फुली करून गाडीला लावा.

या आकाराच्या ट्रेलरला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक लावाल तेव्हा तुमच्या गाडीच्या जवळजवळ निम्मं वजन मागून ढकलत असतं. चारही चाकांना विंटर टायर हवेत, ऑल-सीझनवर भागवू नका. क्रूझ कंट्रोल बंद. बर्फ असेल तर ताशी ४०-४५ मैलांच्या वर जाऊ नका आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. ट्रेलर झोले घ्यायला लागला तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने त्याला सावरायलाही जाऊ नका. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि पाय हळूच ॲक्सलरेटरवरून काढा.

फ्लिंटला पहिला थांबा घ्या. पन्नासेक मैलांनंतर ट्रेलरच्या चाकांचे नट पुन्हा आवळायचे असतात, पट्टेही तोवर सैल झालेले असतात. टायरमधली हवा मात्र घरून निघण्याआधी, गाडी बाहेर थंडीत उभी असताना तपासा. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय कमी होतो. गेलॉर्डला दुसरा थांबा. तिथे चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन बघा, एकच बाजू जास्त गरम लागली तर बेअरिंग गेलं समजा. मागचे दिवेही पुसा. एलईडी तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बसलेला बर्फ वितळत नाही आणि मागच्याला तुम्ही ब्रेक लावलेला दिसतच नाही.

मॅकिनॉ पुलावर बाहेरच्या लेनमध्ये राहा, आतली लेन लोखंडी जाळीची आहे. वाऱ्यामुळे वेग कमी करायचे फलक लागले असतील तर ते तंतोतंत पाळा. पुढे एम-२८ हायवेवर सिनी ते शिंगलटन हा पंचवीसेक मैलांचा रस्ता बाणासारखा सरळ आहे, म्हणून माणूस वेग वाढवतो. समोरून ट्रक गेला की उडालेल्या बर्फात काही क्षण काहीच दिसत नाही, तेव्हा वेग आधीपासूनच कमी हवा.

बायकोचं म्हणणं एका बाबतीत पूर्ण ऐका. म्युनिसिंगच्या अल्जर काउंटीला लेक-इफेक्ट बर्फाचा, म्हणजे सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने पडणाऱ्या जोरदार बर्फाचा, इशारा असेल त्या दिवशी निघू नका, मिशिगनच्या स्नोमोबाइल ट्रेल ३१ मार्चपर्यंत खुल्या असतात. आणि वजन १,९००च्या वर भरलं, किंवा बॉलवरचा भार २००च्या आत आणताना ट्रेलरच्या १० टक्क्यांखाली जायला लागला, तर एकच स्लेड न्या. म्युनिसिंगला भाड्याने मिळतात, दुसरी तिथेच घ्या.