पंप बदलल्याने शुद्धीकरणाची क्षमता वाढत नाही

आपला प्रश्न असा आहे: वडोदऱ्याच्या वेशीवरील आपल्या गावात तलावाच्या पाण्यावर चालणारे, दिवसाला 40 लाख लिटरचे शुद्धीकरण केंद्र आहे, वस्ती 40,000 झाली आहे, आणि कंत्राटदाराच्या मते नुसते पंप बदलले की त्याच केंद्रातून 60 लाख लिटर पाणी मिळेल. हे मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरज खरी आहे, यात शंका नाही. माणशी 135 लिटरप्रमाणे 54 लाख लिटर होतात आणि वाटेतल्या गळतीसाठी 15 टक्के मिळवले की आकडा 62 लाखांवर जातो. पण शुद्धीकरणाची क्षमता पंपावर ठरत नाही, पाणी त्या टाक्यांत किती वेळ थांबते यावर ठरते. आपली निवळण टाकी अडीच तासांच्या हिशेबाने बांधलेली असेल, तर 60 लाख लिटर सोडल्यावर तोच वेळ एक तास चाळीस मिनिटांवर येतो. तुरटीने धरलेला गाळ तळाशी बसण्याआधीच फिल्टरवर पोहोचतो. जलद वाळूच्या फिल्टरमधून तासाला पाच ते सहा मीटर या वेगाने पाणी जाणे योग्य. पाचवर आखलेला फिल्टर मग साडेसातने चालतो. क्लोरीनला मिळणारा वेळही तेवढाच घटतो, आणि तो किमान अर्धा तास मिळायलाच हवा.

मी चालवलेल्या एका केंद्रात नेमके हेच झाले. जुलैचा पहिला मोठा पाऊस झाला आणि एरवी दिवसभर चालणारा फिल्टर आठ तासांत तुंबू लागला. जार टेस्टच्या, म्हणजे वेगवेगळ्या मात्रेत तुरटी घालून पाहण्याच्या चाचणीच्या, सहा भांड्यांपैकी एकातच कापसाच्या पुंजक्यांसारखा गाळ धरत होता, आणि तेवढी तुरटी देऊनही निवळण टाकीच्या कडेवरून तेच पुंजके पाण्याबरोबर वाहून जाताना दिसत होते. बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे) वाढले, त्यात शुद्ध पाणी खर्ची पडले आणि वाढवलेल्या पाण्याचा मोठा भाग तिथेच गेला. गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे माप) आत ठेवणे आम्हाला जमले नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते पाणी लहान मुले पीत होती.

आपल्याच शहराकडे पाहा. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचे पाणी निमेटा येथे शुद्ध करावे लागते. उलट महीच्या पात्रातील फ्रेंच वेलमध्ये, म्हणजे फाजलपूर, रायका, दोडका या बाजूला, पाणी वाळूतून झिरपूनच विहिरीत येते आणि त्याचा गाळ वाटेतच अडतो. म्हणून वाढीव पाणी कोणत्या स्रोतातून घ्यायचे, हा प्रश्न पंपाच्या आधीचा आहे.

प्रथम रात्री दोन ते चार या वेळेत मुख्य वाहिनीवरील मीटर पाहा. गाव झोपलेले असताना जे पाणी वाहते, त्यातले बहुतेक गळतीचे असते. मोठ्या पंपाने प्रवाह दीडपट केल्यास जुन्या वाहिनीतील घर्षण दुपटीहून अधिक होते, पंपाजवळचा दाब वाढतो आणि कमकुवत सांधे फुटतात. गळती आधी काढलीत, तर वाढीव बांधकाम बरेच लहान होऊ शकेल.

त्यानंतरही कमी पडत असेल, तर निवळण टाकीत ट्यूब सेटलर (गाळ लवकर बसवणाऱ्या तिरप्या नळ्यांचा संच) बसवणे आणि फिल्टरमध्ये वाळूवर अँथ्रासाइटचा (एक प्रकारचा कठीण कोळसा) थर देणे हे मधले उपाय आहेत. मात्र पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यावर जार टेस्ट करूनच ते ठरवावेत, उन्हाळ्यातल्या नितळ पाण्यावर नव्हे. खरी वाढ हवी असेल, तर पुढच्या 15 वर्षांची लोकसंख्या धरून जुन्या केंद्राशेजारी स्वतंत्र शुद्धीकरण एकक बांधावे लागेल. जोडीला नळाच्या शेवटच्या टोकाला दररोज उर्वरित क्लोरीन तपासावे. ते लिटरला 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी आले, तर पाणी कितीही मुबलक असले तरी ते सुरक्षित मानू नये.

कंत्राटदाराकडून निवळण टाकीचे घनफळ, फिल्टरचे क्षेत्रफळ आणि शुद्ध पाण्याच्या हौदाची माहिती लेखी घ्या. ते आकडे कळवलेत, तर मी हिशेब करून देतो.