रस्त्यावरच्या माणसांचे फोटो: आधी भवानी, मग कॅमेरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डिसेंबरात व्हिएतनामला, हनोईला चाललोय, पहिलीच परदेशवारी, तिथल्या रस्त्यावरचं रोजचं आयुष्य टिपायचंय, पण अनोळखी माणसावर कॅमेरा रोखायची हिंमत होत नाही, विचारलं तर पोझ देतात आणि न विचारता काढला तर चोरी केल्यासारखं वाटतं, मग करायचं काय.

मी बँकेत नोकरी करते, फोटोग्राफर वगैरे काही नाही, पण सुट्ट्या साठवून फिरते आणि फिरताना देवळं-म्युझियमं कमी आणि फुटपाथ जास्त बघते. हनोईला दोनदा जाऊन आलेय. आणि तिथंच पहिल्या दिवशी असा गाढवपणा केला होता की तोच आधी सांगते, कारण मी जे काही शिकले ते त्यातनंच.

२०१८ ची गोष्ट. जुन्या शहरात हॉटेल होतं. तिथं गल्ल्यांची नावं 'हांग'ने सुरू होतात आणि पुढे तिथं पूर्वी काय विकायचे ते, हांग बाक म्हणजे चांदीची, हांग मा म्हणजे कागदी वस्तूंची, आपल्या पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळीसारखंच. सकाळी साडेसहाला उजाडता उजाडता बाहेर पडले. एक बाई नुकतीच पेरूच्या टोपल्या फुटपाथवर मांडत होती, उजेड असा मऊ पडलेला, मी आपली उकिडवी बसले, भाव विचारला, टोपल्यांचे फोटो काढले, तिचे काढले, आठ-दहा तरी असतील, मग गोड हसून काहीही न घेता निघाले. दहा पावलांवर जाऊन मागं बघते तर बाई कागदाचा बोळा पेटवून टोपल्यांवरून, दारावरून फिरवतेय. मला वाटलं वा काय नशीब, सकाळची पूजा मिळाली, आणि मी परत जाऊन त्याचेही फोटो काढले! ती माझ्याकडे बघेना. हॉटेलवर येऊन रिसेप्शनवरच्या मुलाला मोठ्या कौतुकाने दाखवले तर तो आधी हसला आणि मग बिचारा कसनुसा झाला. म्हणाला, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक जसं निघेल तसा दिवस जातो असं मानतात, पहिलंच गिऱ्हाईक भाव करून रिकाम्या हाताने गेलं तर कागद जाळून ती पीडा घालवतात. म्हणजे पीडा मी.

अहो, आपल्याकडे भवानी व्हायच्या आधी उधारीवर मागून बघा वाण्याकडे, काय ऐकवतो तो! (भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, मुंबईकडे बोहनी म्हणतात, तेच ते.) ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, माझ्या मामाचं दुकान होतं. पण गळ्यात कॅमेरा आला की माणूस आपली अक्कल घरी ठेवून येतो बहुतेक, आणि समोरचं सगळं 'कल्चर' दिसायला लागतं. ते फोटो अजून आहेत माझ्याकडे, जळत्या कागदाचा तर खरंच चांगला आलाय, पण आजवर कुणाला दाखवला नाही.

तर माझं उत्तर हे की परवानगी घ्यायची का नाही हा दुसरा प्रश्न झाला, आधी गिऱ्हाईक व्हा. सकाळी सकाळी कुठल्याही दुकानापुढे कॅमेरा काढायच्या आधी काहीतरी विकत घ्या, निदान त्याचं पहिलं गिऱ्हाईक होऊन जाऊ द्या. आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे चहाची टपरी. हनोईत फुटपाथवर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं टाकून बायका बर्फ घातलेला कोरा चहा विकतात, त्याला 'चा दा' म्हणतात, म्हणजे चा तो चाच. मी गेले तेव्हा पाच हजार डाँग ग्लास होता, म्हणजे आपले साधारण पंधरा-सोळा रुपये. तिथं अर्धा तास बसा, फोन खिशात, कॅमेरा मांडीवर. पहिली दहा मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतील. मग त्यांना तुमचा कंटाळा येईल. तो कंटाळा आला की तुमचं काम सुरू.

हाक मारायला शिकून जा, फार उपयोग होतो. व्हिएतनामी भाषेत 'तुम्ही' असा एकच शब्द वापरून भागत नाही, समोरच्याच्या वयावरून नातं लावावं लागतं, आजीच्या वयाच्या बाईला 'बा', आईच्या वयाची असेल तर 'को', थोरल्या बहिणीसारखी असेल तर 'ची', दादाला 'आन'. आपण भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला दादा म्हणतो तेच. इंग्रजी टूरिस्टला याची सवय नसते, आपल्याला जन्मापासून आहे, मग वापरा की. 'सिन चाओ को', म्हणजे नमस्कार मावशी, म्हणून बसलं की चेहऱ्यावरचा फरक तुम्हालाच दिसेल. फोटो काढल्यावर स्क्रीन फिरवून दाखवायची आणि 'देप' म्हणायचं, म्हणजे सुंदर. उच्चार चुकतो, त्या हसतात, आणि त्या हसण्यात पुढचा फोटो असतो.

नकार ओळखायला मात्र शिकलंच पाहिजे. तोंडाने 'नो' फार कमी लोक म्हणतात. हात वर करून मनगटातून पंजा हलवला, आपण 'नाहीये बाबा' म्हणताना करतो साधारण तसा, म्हणजे नाही. हसून मान फिरवली तरी नाहीच. हसल्या म्हणजे हो म्हणाल्या असं धरून पुढे पाच क्लिक मारणारे मी पाहिलेत. अजून एक, तिघांचा मिळून फोटो काढायला बरेच जण नको म्हणतात, मधल्यावर संकट येतं असा समज आहे, तेव्हा तिघे बसले असतील तर चौथं कुणीतरी फ्रेममध्ये येऊ द्या नाहीतर तुम्हीच जाऊन बसा आणि चहावालीला फोटो काढायला सांगा, मी हे केलंय, तिने आमची सगळ्यांची डोकी कापली पण मजा आली.

पोझचं म्हणाल तर पोझ द्यायला काय हरकत आहे हो? विचारलं, ती पदर सावरल्यासारखी टोपी सावरून ताठ बसली, तो फोटो मनापासून काढा, तो तिचा फोटो आहे. तुमचा फोटो त्यानंतर येतो, जेव्हा ती सुटल्यासारखी परत चहा ओतायला लागते. फक्त पोझ मिळाली म्हणून लगेच 'थँक्यू' करून पळायचं नाही, एवढंच.

आता हे मी इतकं का ताणून सांगतेय. माझी आत्या फलटणकडची, दरवर्षी वारीला जाते. काही वर्षांपूर्वी पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा मी तिला भेटायला गेले, एका शाळेच्या व्हरांड्यात त्यांची दिंडी उतरलेली, आत्या पायाच्या फोडांना तेल लावत बसलेली. समोर तीन पोरं मोठाल्या लेन्सा घेऊन, एक तर पालथा झोपून तिच्या टाचांचे फोटो काढत होता. दुसरा म्हणाला, आजी जरा वर बघा, हसू नका, हसू नका. मला एवढा राग आला, आणि त्याच वेळी पोटात गोळा पण आला कारण मी पण अशीच झोपते की, फक्त दुसऱ्याच्या आत्यापुढे. पोरं गेल्यावर आत्या म्हणाली, "पायाचं फोटू काढलं त्यांनी, पर कुठनं आलाईसा म्हून इचारलं न्हाई." राग नव्हता तिच्या बोलण्यात, आश्चर्य होतं. तिच्या गावाचं नाव, दिंडीचा नंबर, किती वर्षं चालतेय, हे विचारलं असतं तर तिने तासभर बसवून घेतलं असतं आणि वर लाडू पण दिला असता.

त्यामुळे माझे दोनतीन नियम आहेत, बाकी काही नाही. माणूस झोपलेला, रडत असलेला, अंघोळ करत असलेला असेल तर नाही. लहान मुलं आईबाप बाजूला असतील आणि त्यांनी मान डोलावली तरच. गर्दी, बाजार, पूल, सायकली अशा लांबच्या फ्रेममध्ये मात्र मी कुणाला विचारत बसत नाही, तिथं विचारणार तरी कुणाकुणाला. (कायदा वेगळा असतो तिथं तेवढं बघून जायचं. दुबईत परवानगीशिवाय कुणाचा, त्यातून बायकांचा नि कुटुंबांचा फोटो काढणं गुन्हा होऊ शकतो, आपली बरीच मराठी मंडळी तिथं असतात म्हणून सांगितलं. जपानात क्योतोला गिऑन भागात खासगी गल्ल्यांमध्ये फोटो काढला तर दहा हजार येन दंडाच्या पाट्या २०१९ पासून लागल्यात, कारण टूरिस्ट गेइशांच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक नर्तकी-गायिकांच्या, मागे धावायला लागले होते. हंगेरीत तर २०१४ च्या दिवाणी कायद्याप्रमाणे फोटो काढायलाच संमती लागते, गर्दीचा फोटो सोडून.)

पैसे मागतात त्याचं काय, हेही लोक नेहमी विचारतात. माराकेशला जामा अल फना चौकात लाल कपडे, पितळी वाट्या लटकवलेले पाणीवाले असतात, एकेकाळी खरंच पाणी विकायचे, आता बरेचसे फोटोवरच जगतात. तिथं मी भाव आधी ठरवते आणि देते, त्यात मला काही वावगं वाटत नाही, तो त्याचा धंदा आहे. फक्त घरी येऊन तो फोटो 'मोरोक्कोचं दैनंदिन जीवन' म्हणून टाकू नका, हसतील लोक. हनोईत याचाच दुसरा प्रकार म्हणजे कावड घेतलेली फळवाली स्वतःहून येऊन कावड तुमच्या खांद्यावर आणि टोपी डोक्यावर ठेवते, फोटो झाला की पैसे मागते किंवा केळी गळ्यात मारते. नको असेल तर खांदाच द्यायचा नाही.

कॅमेऱ्याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते कारण पुढचा प्रश्न तोच येणार. मोठी झूम नेऊ नका. रस्त्यापलीकडून झूम लावणारा माणूस पाळत ठेवल्यासारखा दिसतो, दोन मीटरवर बसलेला माणूस गिऱ्हाईक दिसतो. माझ्याकडे फुजीचा एक्स१००एफ आहे, लेन्स बदलता येत नाही, झूम नाही, जवळ जायचं असेल तर उठून जावं लागतं, हाच त्याचा फायदा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, शटर (किती वेळ उघडं) १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, फोकस दोन मीटरवर ठेवून द्यायचा आणि विसरून जायचं. स्कूटरच्या लोंढ्यासाठी शटर १/३० करून गाडीबरोबर कॅमेरा फिरवला की मागचं शहर वाहतं दिसतं, वीसातला एखादा जमतो. फोन असेल तरी उत्तम, उलट लोक फोनला कमी बिचकतात. डिसेंबरात हनोईचं आभाळ बऱ्याचदा करडं असतं, ऊन नाही म्हणून हिरमुसू नका, चेहऱ्यांसाठी त्यासारखा उजेड नाही.

जागा म्हणाल तर होआन कीम तळ्याकाठी सूर्य उगवायच्या आधी जा, म्हाताऱ्याकोताऱ्या गाण्यावर व्यायाम करत असतात, बॅडमिंटन चाललेलं असतं. मग लाँग बिएन पूल. फ्रेंचांनी बांधलेला, १९०२ मध्ये पूर्ण झाला, अमेरिकेच्या बॉम्बिंगमध्ये अनेकदा तुटला नि परत उभा राहिला. मधून रेल्वे आणि दोन्ही कडेने स्कूटरी-सायकली, आणि गंमत म्हणजे देशभर उजवीकडून गाडी चालवतात पण या पुलावर आपल्यासारखी डावीकडून. रात्री झोप येत नसेल तर क्वांग बा फूलबाजार, पहाटे दोन-तीनला ऐन रंगात असतो, दादरचा फूलबाजार बघितला असेल तर पाय आपोआप वळतील. रेल्वे ट्रॅकला चिकटून कॅफे असलेली ती प्रसिद्ध गल्ली मी टाळते, तिथं सगळे एकमेकांचेच फोटो काढत असतात आणि सुरक्षेपायी ती २०१९ ला आणि परत २०२२ ला बंद पण केली होती.

शेवटचं, एक छोटा इन्स्टॅक्स प्रिंटर घेऊन जा, फोनवरून जागच्या जागी फोटो छापून देतो, एक प्रिंट पन्नास-साठ रुपयांना पडतो. दुसऱ्यांदा गेले तेव्हा एका चहावाल्या 'को'ना पहिल्या दिवशी प्रिंट दिला, त्यांनी काही न बोलता पैशाच्या डब्यात ठेवला, मला वाटलं आवडला नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर चांगली फुलाफुलांची जॅकेट घालून बसलेल्या, डब्यातनं तो फोटो काढला, त्यातल्या स्वतःच्या जुन्या स्वेटरवर बोट ठेवलं आणि हाताने खूण केली, हा नको, परत काढ. परत काढला, छापून दिला, तो मात्र टपरीच्या काचेच्या बरणीला टेकून उभा केला आणि माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

त्या प्रिंटरच्या फिल्मची पाकिटं भरपूर न्या आणि हातातल्या बॅगेतच ठेवा बरं का, चेक-इनच्या सामानात टाकलीत तर तिथल्या एक्स-रेने खराब होतात, एअरपोर्टवर हाताने तपासून द्यायला विनंती करा, बहुतेक वेळा ऐकतात.